बॅकअप होता, पण फाइल्स हातात येईनात: नाशिकच्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

गंगापूर रोडवरचा हा स्टुडिओ चालतो लग्न, साखरपुडे आणि डोहाळजेवणांवर. मधूनमधून एखाद्या वाइनरीचं किंवा बिल्डरचं काम येतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, इथेही तेच म्हणू. एडिटिंग सांभाळणाऱ्या ताई, पुण्यात नोकरी करणारा भाऊंचा मुलगा आणि पूर्वी स्टुडिओत असलेला एक ऑपरेटर ही बाकीची मंडळी. मी बाहेरून बोलावलेला कॉम्प्युटरवाला.

भाऊंचा जीव मात्र सिंहस्थाच्या फोटोंत. २०१५ मध्ये १४ जुलैच्या ध्वजारोहणापासून ते आणि ऑपरेटर दोन कॅमेरे घेऊन फिरत होते. रामकुंडावरच्या २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्या, तपोवनातलं साधुग्राम आणि २५ सप्टेंबरचं त्र्यंबकला कुशावर्तावरचं शेवटचं शाहीस्नान, सगळं त्यांनी टिपलं. सुमारे २६,००० रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या; एकेक पंचवीस-तीस एमबीची. व्हिडिओ धरून एक टीबीच्या वर. जुन्या लग्नांच्या कामासकट हे सगळं चार टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर होतं आणि ती पाऊण भरली होती.

२०१९ मध्ये मुलाने एका परदेशी कंपनीची क्लाउड बॅकअप सेवा घेऊन दिली. वर्षाला ठरावीक पैसे भरायचे आणि एका कॉम्प्युटरला जोडलेला कितीही डेटा वर चढवायचा. तीन टीबी चढायला कित्येक महिने लागले. मग कोपऱ्यात हिरवी खूण आली आणि ती कायम राहिली. पैसे दरवर्षी वेळेवर जात होते. तिथून एकही फाइल खाली उतरवून मात्र कोणी कधी बघितली नव्हती.

प्लॅनच्या दोन अटी इथे महत्त्वाच्या. जोडलेली डिस्क काढून ठेवली, की तिचा डेटा वर एक वर्ष राहतो, मग पुसला जातो. आणि नेटवर्कवरच्या स्टोरेजचा बॅकअप होत नाही. दोन्ही अटी प्लॅनच्या पानावर स्पष्ट लिहिलेल्या होत्या. लपवाछपवी काही नव्हती.

अडचण

नवरात्रात एका प्रकाशकाचा फोन आला. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, जुन्या सिंहस्थाचं चित्रपुस्तक काढतोय, २०१५चे साठ फोटो मोठ्या छपाईला चालतील असे द्या, आठवड्याभरात. भाऊंनी लगेच हो म्हटलं.

डिस्क गेल्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून ड्रॉवरमध्ये होती. नवीन कॉम्प्युटरला यूएसबीचे पोर्ट कमी पडत म्हणून ती काढून ठेवलेली. आता जोडल्यावर टक, टक, टक, मग थोडी शांतता, मग पुन्हा टक-टक. स्क्रीनवर काहीच नाही.

"घाबरायचं कारण नाही, क्लाउडवर आहे सगळं," भाऊ म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं, पण तिथपर्यंत पोहोचायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिला अडथळा दारातच. खातं मुलाच्या ईमेलवर, तो पासवर्ड फोनवर मिळाला. पण लॉगिनचा ओटीपी जायचा ऑपरेटरच्या मोबाइलवर, कारण २०१९ मध्ये खातं उघडताना त्याचाच फोन टेबलावर होता. तो २०२२ मध्ये काम सोडून गेला, आता सिन्नरला त्याचं स्वतःचं दुकान आहे. नंबर तोच आणि संबंध चांगले, म्हणून निभावलं. दर वेळी त्याला फोन लावायचा, तो गिऱ्हाईक सांभाळत सहा आकडे सांगायचा. त्याने नंबर बदलला असता किंवा तो रागाने गेला असता, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

दुसरा अडथळा जास्त जिव्हारी लागला. रिस्टोअरच्या, म्हणजे फाइल्स परत मिळवायच्या पानावर कॉम्प्युटरचं नाव दिसलं, सी ड्राइव्ह दिसला, हल्लीच्या कामाची दुसरी डिस्क दिसली. सिंहस्थाची डिस्क यादीतच नव्हती. ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. भाऊ चिडले, "म्हणजे इतकी वर्षं पैसे भरले ते कशाचे?"

कंपनीला लिहिलं. त्यांचा दिवस उगवतो तेव्हा आपली रात्र, त्यामुळे एका प्रश्नाला एक दिवस ठरलेलाच. पहिलं उत्तर आलं: ब्राउझरची कॅश साफ करा, पुन्हा लॉगिन करा. पुन्हा लॉगिन म्हणजे पुन्हा सिन्नरला फोन.

खरं उत्तर त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात होतं. ते पान आजची स्थिती दाखवतं आणि आज ती डिस्क जोडलेली नाही, म्हणून दिसत नाही. तारखेची खिडकी उघडून गेल्या नोव्हेंबरवर नेली आणि डिस्क तिच्या सगळ्या फोल्डरांसकट उभी राहिली. एवढी महत्त्वाची गोष्ट एवढ्या बारीक अक्षरात ठेवणाऱ्याला एकदा तरी स्वतःचा डेटा गमवायची वेळ यायला हवी, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण तारीख मागे नेल्याबरोबर दुसरी गोष्ट लक्षात आली. डिस्क शेवटची दिसली नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे वर्ष भरायला पाच-सहा आठवडेच उरले होते. त्यानंतर वरचीही प्रत जाणार.

कोणते पर्याय होते

इथे दोन मुदती एकमेकींत गुंतल्या होत्या. प्रकाशकाची मुदत आठवड्याची आणि साठ फोटोंची. सेवेची मुदत पाच-सहा आठवड्यांची आणि तीन टीबीची. भाऊंच्या मनात दोन्हींची एकच घाई झाली होती: "सगळं आधी खाली घ्या, मग बघू." या प्रकरणात चुकीच्या दिशेला जाण्याचा खरा धोका या वाक्यात होता.

बिघडलेल्या डिस्कबद्दल सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं. हा जुना तोडगा आहे आणि घातक आहे. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. टक-टक आवाज येतो तेव्हा बहुतेकदा हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, गेलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी वीज दिली की ते तबकडीवर घासण्याची भीती असते. डिस्क पिशवीत घालून, वर "जोडू नये" अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. हा निर्णय लगेच झाला आणि त्यावर वाद झाला नाही. बरं झालं, कारण पुढे तिची गरज पडणार होती.

डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवायची, तर खर्च मोठा आणि आठवड्यात काही मिळेल याची शाश्वती शून्य.

सेवेकडून डेटा भरलेली डिस्क कुरिअरने मागवता येत होती. अनामत भरायची, डिस्क परत केली की पैसे परत. कागदावर उत्तम. पण डिस्क परदेशातून येणार, कस्टममध्ये किती दिवस बसेल आणि किती ड्युटी लागेल हे कोणी सांगेना, आणि परत पाठवायचा खर्च आपलाच. तीन टीबीसाठी याचा विचार करता आला असता, साठ फोटोंसाठी नाही.

राहिलं इंटरनेटवरून उतरवणं. स्टुडिओची लाइन १०० एमबीपीएसची. लोक तो आकडा फाइलच्या मापात वाचतात, पण तो बिट्सचा असतो. आठाने भागलं की सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. परदेशातल्या सर्व्हरवरून ब्राउझरने प्रत्यक्षात तीन-चार एमबी मिळत होते. त्या वेगाने तीन टीबीला दहा दिवस लागतात, तेही रात्रंदिवस आणि एकदाही न तुटता. शिवाय इंटरनेटच्या प्लॅनची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी, म्हणजे जवळपास अख्खा कोटा यातच जाणार.

काय केलं

भाऊंच्या आग्रहाखातर आधी अख्खं २०१५च मागवलं. सेवेच्या बाजूला त्याची झिप, म्हणजे सगळ्या फाइल्सचा एक गठ्ठा, तयार व्हायलाच दीड दिवस गेला. एका झिपला ५०० जीबीची मर्यादा, म्हणून तीन तुकडे झाले. पहिला तुकडा रात्री लावला. सकाळी बघितलं तर डाउनलोड अर्ध्याच्या आत अडकलेलं. पहाटे लाइन गेली होती. पुढच्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले होते, जेसीबीचा दात फायबरला लागला की अख्ख्या पट्ट्यातलं इंटरनेट बंद. ब्राउझरला तुटलेलं डाउनलोड तिथून पुढे चालू करता येईना. पुन्हा पहिल्यापासून. झिपची लिंकही आठवड्याने बाद होणार होती.

ज्या सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता खोदला, त्याच सिंहस्थाचे फोटो त्यामुळे अडले. यावर हसायला आलं, पण दोन दिवसांनी.

मग नुसत्या हव्या त्या फाइल्सवर टिचक्या मारून मागवाव्यात असं ठरलं. पण हव्या त्या कोणत्या? रिस्टोअरच्या पानावर रॉ फाइल्सची छोटी चित्रं दिसत नाहीत, फक्त नावं: डीएससी_४१२६, डीएससी_४१२७, डीएससी_४१२८. सहा-सहा हजार फाइल्सचं फोल्डर उघडलं की ब्राउझर गारठतो. ताईंनी २०१७ नंतर लाइटरूम या फोटो निवडायच्या आणि सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तारे देऊन निवड केली होती, ती सगळी कॅटलॉगच्या फाइलमध्ये. कॅटलॉग क्लाउडवर होता, पण २०१७च्या एका जुन्या प्रतीचा. पुढच्या काळात लाइटरूम दिवसभर उघडं राहायचं आणि उघडी फाइल बॅकअपचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वगळत आलं होतं. कुरकुर न करता, हिरवी खूण तशीच ठेवून.

कोंडी फुटली ती ओटीपीमुळे. सिन्नरला फोन लागला होता, ऑपरेटरने विचारलं की हे रोज काय चाललंय. ताईंनी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पण इंडेक्स शीट काढल्या होत्या ना आपण प्रदर्शनासाठी? स्पायरल बाइंडिंग केलेल्या. मागच्या खोलीत, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांच्या वर बघा."

तिथेच होत्या. धुळीने माखलेलं ए-फोर कागदांचं जाड पुडकं. प्रत्येक पानावर पाच ओळी, ओळीत चार फोटो काडेपेटीएवढे, खाली बारीक टायपात फाइल नंबर. पानाच्या माथ्यावर फोल्डरचं नाव आणि तारीख. काही फोटोंच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलची बरोबरची खूण, काहींवर दोन खुणा. दुसऱ्या पर्वणीच्या एका पानावर भाऊंच्या अक्षरात: "हा मोठा करू, पाणी बघा." बाइंडिंगच्या बाजूला कागद पिवळा पडला होता, पण नंबर स्वच्छ वाचता येत होते.

माथ्यावरचं ते फोल्डरचं नाव फार कामाचं ठरलं. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यात दोन कॅमेरे एकाच पद्धतीने नाव देणारे. डीएससी_४१२७ नावाच्या तीन फाइल्स निघाल्या: एक रामकुंडाची, एक साधुग्रामातल्या पंगतीची, एक मिरवणुकीतल्या हत्तीची. नुसत्या नंबरावर गेलो असतो, तर दोन-तृतीयांश वेळा भलतंच हाती लागलं असतं.

ताई नंबर वाचत गेल्या, मी टिचक्या मारत गेलो. साठ हवे होते, दुप्पट मागवले. सुमारे १२० फाइल्स, साडेतीन जीबीच्या आत. झिप दुपारी तयार झाली आणि चहा होईपर्यंत खाली आली.

उघडल्यावर फोल्डरांची नावं बिघडलेली. 'रामकुंड' आणि 'साधुग्राम' यांच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन. संगणकावर झिप उघडणारं जुनं सॉफ्टवेअर होतं, त्याला देवनागरी नावं झेपत नव्हती. ते काढून सेव्हन-झिप टाकलं आणि नावं जागेवर आली. फाइलच्या तारखांत मात्र साडेपाच तासांचा फरक पडला होता. झिपमधल्या साध्या वेळेला टाइमझोन नसतो आणि त्यांच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर. पहाटेच्या स्नानाचा फोटो आदल्या रात्रीचा दिसतो म्हणून ताई धास्तावल्या. पण फोटो काढल्याची वेळ कॅमेरा फाइलच्या आत लिहितो, ती शाबूत होती. त्या वेळेवर क्रम लावला आणि पर्वणी जशी घडली तशी ओळीने उभी राहिली.

प्रकाशकाला फोटो मुदतीच्या आदल्या दिवशी गेले.

उरलेल्या तीन टीबीसाठी मग शांतपणे काम करता आलं. ब्राउझर सोडून सेवेचं स्वतःचं डाउनलोड करणारं सॉफ्टवेअर वापरलं. ते तुटलेल्या जागेवरून पुढे सुरू होतं आणि एकाच वेळी अनेक तुकडे ओढतं, त्यामुळे वेगही जवळपास दुप्पट झाला. वर्षावार, पन्नास-साठ जीबीचे तुकडे. आधी २०१५, मग ज्या लग्नांचे अल्बम अजून द्यायचे होते ती, बाकी मागून. कॉम्प्युटर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले. नवीन डिस्क दोन आणल्या. एकीवर उतरलं की दुसरीवर नक्कल. मर्यादा संपत आली तेव्हा महिना उलटला होता, म्हणून तीही आडवी आली नाही. मुदत संपायच्या आत सगळं खाली आलं. सगळं म्हणजे, वर जेवढं होतं तेवढं.

निकाल

वर एक फोल्डर नव्हतं. २५ सप्टेंबर, त्र्यंबकेश्वर.

इंडेक्स शीटमध्ये त्याची पानं आहेत, लाल खुणाही आहेत. शोध घेतल्यावर ताईंना आठवलं: २०२१ मध्ये एका कामासाठी ते फोल्डर नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या दोन डिस्कच्या पेटीवर हलवलं होतं. नक्कल न करता हलवलं. नॅस बॅकअपमध्ये धरलं जात नाही. मूळ जागेवरून फोल्डर गेलं, वर्षभराने क्लाउडवरूनही गेलं. पुढे नॅसच्या डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला लावल्या. सेवेने तिच्या नियमाप्रमाणेच केलं. पुस्तकात कुशावर्ताचे फोटो दुसऱ्या छायाचित्रकाराचे लागले. भाऊ त्याबद्दल बोलत नाहीत.

२०१७ नंतरचं लाइटरूममधलं रंगसुधारणेचं काम बहुतेक गेलं. ताई ते नव्याने करत आहेत आणि त्यांच्या मते काही फोटो आता आधीपेक्षा बरे झाले आहेत.

कुठे वेगळं करता आलं असतं

फोटोग्राफर लोकांत ३-२-१ चा नियम माहीत असतो, पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने तो रुजवला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. स्टुडिओत हा नियम पाळला जातोय असं सगळे समजत होते. प्रत्यक्षात प्रती दोनच, आणि दुसरी पहिलीच्या आधाराने जगणारी. डिस्क ड्रॉवरमध्ये गेली त्या दिवशी वरच्या प्रतीचं आयुष्य मोजायला सुरुवात झाली. अशी डिस्क महिन्यातून एकदा जोडली असती, तरी घड्याळ पुन्हा शून्यावर आलं असतं.

पहिले चार दिवस अख्खं २०१५ ओढण्यात गेले, ते टाळता आले असते. "आठवड्यात काय द्यायचंय?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता, तर यादी लागते हे लगेच कळलं असतं आणि शोध इंडेक्स शीटकडे वळला असता. योगायोगाने ओटीपी सिन्नरला जात होता म्हणून ती वेळेत सापडली. कंपनीच्या उत्तराची वाट बघण्यापेक्षा रिस्टोअरचं पान शांतपणे वाचायला एक तास दिला असता, तरी दिवस वाचला असता.

कुरिअरचा पर्याय सोडला, त्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. मुदत दोन आठवड्यांवर असती, तर तीन टीबीसाठी तोच धोका पत्करावा लागला असता.

आता ताई दर महिन्याला कुठल्याही जुन्या फोल्डरातल्या पाच फाइल्स क्लाउडवरून उतरवून उघडून बघतात, एक तरी व्हिडिओ त्यात असतोच. ओटीपी भाऊंच्या फोनवर येतो, राखीव कोड छापून बँकेच्या लॉकरमध्ये. लाइटरूम रात्री बंद होतं आणि दर कामानंतर सुधारणा फाइलशेजारी वेगळ्या छोट्या फाइलमध्येही लिहिल्या जातात. नवीन कामाच्या इंडेक्स शीट पुन्हा सुरू झाल्या आहेत, पीडीएफ आणि कागद दोन्ही. सेवा बदलली नाही. मुलाचं म्हणणं बदलावी. भाऊ म्हणतात, पुन्हा तीन टीबी चढवायला कोण बसणार.

अजून बाकी

बिघडलेली डिस्क मुंबईच्या एका लॅबला दिली आहे. २०२१ मध्ये हलवलेलं त्र्यंबकचं फोल्डर त्या जागेवर नंतर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर अजून तिच्यावर असू शकतं, म्हणून. हेड बदलावं लागेल असं त्यांनी कळवलं. तपासणीचे पैसे वेगळे, फाइल्स निघाल्या तर त्याचे वेगळे, आणि पुसलेलं फोल्डर निघेलच याची हमी नाही. तपासणीचे पैसे भाऊंनी भरले आहेत. पुढच्या आकड्याला हो म्हणायचं की नाही, ते दिवाळीनंतर सांगतो म्हणाले.